पत्ता नसलेल्या वस्तू

पुनर्विकासाचा करार झाला आणि घर रिकामे करण्यासाठी आम्हाला तीन महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा मला सर्वांत जास्त धास्ती वाटली ती माळ्याची. कोथरूडमधली आमची इमारत १९८६ सालची. त्या काळच्या बांधकामात स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळावर सिमेंटचा माळा हमखास असे. आमचा माळा नऊ फूट लांब, चार फूट खोल आणि जेमतेम दोन फूट उंच होता, म्हणजे त्यावर माणसाला धड बसताही येत नव्हते. तरीही अडतीस वर्षांत तीन पिढ्यांचे सामान त्याने बिनतक्रार पोटात घेतले होते. ज्या भाड्याच्या घरात आम्हाला निदान तीन वर्षे काढायची होती तिथे माळा नव्हता, आणि जी नवी इमारत उठणार आहे तिच्या नकाशातही तो नाही. म्हणजे या सामानाला परत वर जाण्याची वाट उरली नव्हती.

पहिल्या रविवारी आम्ही शिडी लावली आणि एकेक गोष्ट खाली येऊ लागली. तांब्याचा बंब, त्याच्या जोडीचे घंगाळ, दोन पाटे आणि एकच वरवंटा, सात पाट, पितळी डब्यांची उतरंड, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, माझ्या मुंजीतला चौरंग, बहिणीचा पाळणा, तीन सुटकेसा (त्यांतली एक दुसरीच्या पोटात आणि तिच्या पोटात स्वेटर), व्हिडिओ कॅसेटी, ज्यावर त्या बघाव्यात असे यंत्र घरात वीस वर्षे नाही, कुकरच्या जुन्या शिट्ट्यांनी भरलेला डबा, आणि श्रीखंडाचे प्लास्टिकचे रिकामे डबे, जे मोजल्यावर चौसष्ट निघाले. चौसष्टांपैकी झाकणे सत्तेचाळीसच होती. उरलेल्या सतरा डब्यांची झाकणे कुठे गेली असतील, यावर आमच्याकडे दोन दिवस गंभीर चर्चा झाली.

हे सगळे सामान आमच्या डोळ्यांआड होते, पण अपरिचित मुळीच नव्हते, कारण दर दिवाळीच्या आधी ते खाली उतरत असे. आपल्याकडच्या दिवाळीच्या साफसफाईचे एक वैशिष्ट्य मला यंदा प्रथमच नीट कळले. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, त्याच रात्री उशिरा घर झाडून अलक्ष्मी बाहेर काढतो, आणि त्याआधी आठ दिवस माळा उपसतो. परंतु या खटाटोपात घराबाहेर जाते ती केवळ धूळ. वस्तू खाली येते, ओल्या फडक्याने पुसली जाते, तिच्याविषयी एखादी आठवण निघते आणि ती पुन्हा वर जाते. घराचे हे वार्षिक स्नान होते. हिशेब मात्र कधीच होत नव्हता.

हल्ली सर्वत्र सांगितली जाते ती पद्धत मीही पहिल्या आठवड्यात वापरली. ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे असे तीन ढीग करायचे, आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन आपल्याला ती हवी आहे का, असे स्वतःला विचारायचे. आईला खुर्चीवर बसवून मी एकेक वस्तू तिच्यासमोर धरत गेलो. संध्याकाळपर्यंत ‘टाकायचे’ या ढिगात एक फाटकी चाळण आणि माझ्या भावनांचा बराचसा भाग पडला होता. बाकी सर्व वस्तूंना आईचे उत्तर एकच होते, “असू दे रे, लागेल कधीतरी.” मी चिडलो. बंब कधी लागणार, असे मी विचारले, तर ती शांतपणे म्हणाली, “वीज गेली तर?” बंबाला लागणारा कोळसा आता कुठे मिळतो आणि तिसऱ्या मजल्यावर त्याचा धूर कुठे सोडायचा, हे प्रश्न तिच्या दृष्टीने गौण होते.

जे आपले आहे त्याची किंमत माणूस अधिक लावतो, हे संशोधकांनी कॉफीच्या मगांवर प्रयोग करून दाखवले आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, ज्यांना मग मिळाला होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही ज्यांना तो घ्यायचा होता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती, आणि मग हाती येऊन फार वेळही झालेला नव्हता. काही मिनिटांच्या मालकीने एवढा फरक पडत असेल तर अडतीस वर्षांच्या मालकीचे काय होत असेल, असा विचार करून मी स्वतःची समजूत घातली. परंतु आईचे प्रकरण त्या मगांपाशी थांबणारे नव्हते.

आईचे माहेर शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून ते सगळे पर्वतीच्या दिशेने निघाले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा घराच्या जागी गुडघाभर चिखल होता, आणि त्या चिखलात चाचपडताना आजीच्या हाताला एक पितळी पातेले लागले. संसारातले तेवढेच वाचले. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती, पण ती पुराची गोष्ट म्हणून ऐकली होती. माळ्याची गोष्ट म्हणून ती यंदा पहिल्यांदा माझ्या कानावर पडली. ज्या मुलीने एका सकाळी घरातली प्रत्येक वाटी गेलेली पाहिली, तिला पुढे आयुष्यभर वाट्या मोजून ठेवाव्याशा वाटल्या तर त्यात नवल कसले?

आणि तिची पिढी केवळ पुरामुळे घडली असेही नाही. रेशनच्या रांगा, रॉकेलची टंचाई, १९७२ चा दुष्काळ, दुधाची कार्डे, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी स्कूटर आणि तसाच मिळणारा टेलिफोन, अशा दिवसांत संसार केलेल्या माणसाला वस्तू ही सहज येणारी गोष्ट वाटत नाही. जी गोष्ट मिळवण्यासाठी थांबावे लागले ती टाकताना हात अडखळतो. माझ्या घरी मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, त्यामुळे माझा हात अडखळत नाही, आणि याला मी आजवर माझी विरक्ती समजत होतो. खरे म्हणजे माझ्या त्या मोकळेपणामागे पुन्हा विकत घेण्याची ऐपत उभी होती. वस्तू कमी करण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यातले पुष्कळसे अशाच सुस्थित माणसांनी सुस्थित माणसांसाठी केलेले असते, असे माझे आता मत झाले आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी माळ्यावरच्या दोन गाद्या पाहून “ह्या टाकणार?” असे ज्या स्वरात विचारले, तो स्वर माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. गाद्या त्यांच्याकडे गेल्या. त्यांच्या घरी ती अडगळ नव्हती.

गाडे रुळावर आले ते एका गुंडामुळे. गुंड म्हणजे पाणी भरून ठेवण्याचे भांडे, हे आताच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. त्या स्टीलच्या गुंडाच्या काठावर, टिकल्याटिकल्यांच्या अक्षरांत, आईच्या मावशीचे नाव आणि आईच्या लग्नाची तारीख कोरलेली होती: १७-५-७०. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालण्याची आपल्याकडे पद्धत होती, आणि भांड्यांच्या दुकानासमोर बसून छोट्या यंत्राने नाव घालून देणारा माणूसही असे. आईने बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “मावशीच्या नातीचं आता लग्न आहे ना? तिला देऊ या. तिच्या आजीचं नाव आहे यावर.” मी थक्क झालो. जी बाई फुटक्या चाळणीसाठी पाऊण तास झुंजली होती, तिने धडधाकट गुंड अर्ध्या मिनिटात देऊन टाकला.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. “हे हवे आहे का?” या प्रश्नाला आईकडे एकच उत्तर होते, कारण त्या प्रश्नात वस्तूसमोर ती एकटीच उभी होती आणि नकार दिला तर वस्तू कुठे जाणार, हे अंधारात होते. “हे कुणाला द्यायचे?” असे विचारले की तिचे मन लगेच माणसे आठवू लागे. पाळणा कुणाच्या घरी हलेल, सोऱ्या कुणाला लागेल, सतरंज्या कुठल्या भजनी मंडळाला कमी पडतात, याची तिच्याजवळ तयार यादी होती, आणि ती यादी इतकी मोठी होती की काही वस्तूंसाठी दोन-दोन उमेदवार निघाले. आम्ही तीन ढिगांची पद्धत सोडून दिली. मी वहीत रेघ ओढून डावीकडे वस्तूचे नाव आणि उजवीकडे माणसाचे नाव लिहू लागलो, आणि उजवीकडची बाजू भरली की ती वस्तू आईच्या मनातून सुटत असे. ज्या वस्तूला पत्ता मिळत नव्हता तीच काय ती आमच्या घरात अडगळ म्हणून उरली.

पत्त्याचा हा विचार पुढे ताणला, तेव्हा जुन्या घरांविषयीचा माझा एक गैरसमज दूर झाला. आपल्या आज्या काटकसरी होत्या म्हणून त्यांच्या घरात पसारा नव्हता, असे आपण म्हणतो; पण त्यांच्या घराला बाहेर जाण्याच्या वाटा पुष्कळ होत्या, हे आपण विसरतो. जुन्या साड्या एक तर गोधडीत जात किंवा बोहारणीकडे. दुपारच्या वेळी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी बोहारीण आणि घरातली बाई यांच्यात जरीच्या एका नऊवारीवरून जी घासाघीस चाले, ती मी लहानपणी पायरीवर बसून पाहिली आहे. एका पातेल्यासाठी तीन साड्या की चार, यावर दोघींची तासभर बोलणी होत आणि शेवटी आपणच फसलो, असे चेहरे करून दोघीही उठत. चेपलेले तांब्या-पितळेचे भांडे मोडीत देऊन वर थोडे पैसे घातले की नवे भांडे मिळे. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, पण त्यामागचा तो धातूचा रोखठोक व्यवहार आपल्याला दिसेनासा झाला आहे. रद्दीवाला, कल्हईवाला, जुन्या कापसाची गादी पिंजून नव्याने भरून देणारा पिंजारी, हे सगळे त्या घराचे मागचे दरवाजे होते. आता पुढच्या दारातून दिवसाला दोन पार्सले येतात आणि मागचे बहुतेक दरवाजे लिंपले गेले आहेत. प्लास्टिकच्या डब्याची मोड येत नाही, आणि सिंथेटिक साडीची गोधडी कुणी पांघरत नाही.

यात आपले सणही हातभार लावतात, हे मी जरा भीत भीत लिहितो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात जे वाण लुटले जाते, त्यातून माझ्या पत्नीच्या कपाटात दरवर्षी पंधरा-वीस प्लास्टिकच्या चाळण्या, डब्या आणि कंगवे जमा होतात, आणि पुढल्या वर्षी आम्हीही तेच इतरांच्या कपाटांत जमा करतो. ओटीत येणाऱ्या ब्लाउजपीसची तऱ्हा तर याहून मजेदार आहे. ते कधीच शिवले जात नाहीत. ते केवळ प्रवास करतात. आमच्या कपाटात एकशे बारा ब्लाउजपीस निघाले, त्यांतला एक मोरपंखी तुकडा आईने ओळखला. तो तिने स्वतःच कधी काळी कुणाच्या तरी ओटीत घातला होता आणि तो गावभर फिरून घरी परतला होता. आता आमच्या घरापुरते ठरले आहे की वाण म्हणून तीळ, गूळ, वालाच्या बिया किंवा फळे द्यायची. बोलणाऱ्या बोलल्या, पण वाल उगवल्यावर दोघींनी फोटो पाठवले.

पुण्यात राहण्याचा एक फायदा असा की पत्ते शोधायला निघाले तर ते अजून सापडतात. कसब्यातल्या तांबट आळीत बंब आणि घंगाळ यांना गिऱ्हाईक मिळाले, कारण हल्ली हॉटेलवाल्यांना अशा वस्तू शोभेसाठी हव्या असतात. मंगळवार पेठेतल्या बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वडिलांची हत्यारे गेली. पाना, पक्कड, गिरमिट पाहून तिथल्या विक्रेत्याने ती ज्या ममत्वाने पुसली, ते पाहून मला भाव करावासाच वाटला नाही. उरलेली कागद, काच, पत्रा अशी सुकी रद्दी आमच्या इमारतीत रोज येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंकडे गेली. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आणि तिच्या मुळाशी १९९३ साली स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. चौसष्ट श्रीखंडाच्या डब्यांपैकी चाळीस एका रोपवाटिकेने नेले. बिघडलेले मोबाइल, चार्जर आणि एक मेलेला लॅपटॉप मात्र आम्ही भंगारात दिला नाही, कारण तांबे काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर त्याच वस्तीतली माणसे घेतात. त्यासाठी ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रापर्यंत स्वतः जावे लागले. दिवाळी अंकांनी मात्र बराच घाम काढला. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केलेली ती परंपरा वडिलांनी चाळीस वर्षे इमानाने सांभाळली होती, आणि ग्रंथालये जुने अंक घ्यायला जागेअभावी तयार नव्हती, शेवटी मुळशीकडच्या एका गावातल्या वाचनकट्ट्याने ते पोत्यांतून नेले.

भांड्यांहून अवघड निघाले ते कागद. वडिलांनी विजेची बिले १९८६ पासून तारेत ओवून ठेवली होती, त्यांवर ‘महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ’ असे नाव होते, आणि ते मंडळ विभागून २००५ सालीच महावितरण वगैरे कंपन्या झाल्या. बिले गेली. राहिले ते घराचा मूळ करारनामा, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यूचे दाखले आणि पेन्शनचे कागद, एवढे एका फाइलीत मावणारे. परंतु त्या गठ्ठ्यांत असेही काही होते, जे फेकले असते तर आम्हालाच महागात पडले असते. एका जुन्या पाकिटात दोन कंपन्यांचे कागदी शेअर निघाले. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, आणि १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर डीमॅट, म्हणजे त्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद, केल्याशिवाय होत नाही, हे मला तेव्हा शिकावे लागले. दहा वर्षे हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, तरी वारसांना त्या बँकेमार्फत परत मिळू शकतात, आणि अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले आहे. तिथे वडिलांचे नाव घालून पाहिले, तर त्यांच्या पहिल्या नोकरीच्या गावचे एक विसरलेले बचत खाते सापडले. इंदिरा विकास पत्रांचा लिफाफाही निघाला होता. त्या पत्रावर धारकाचे नावच नसे, हरवले तर दुसरी प्रत नाही, असा तो मामला. त्यामुळे लिफाफा पाहून आमचे श्वास रोखले गेले. आत काही नव्हते. वडिलांनी ती पत्रे केव्हाच वठवली होती आणि लिफाफा तेवढा जपला होता.

कागदांच्या बाबतीत घाई करू नये, असे मी म्हणतो त्याला महाराष्ट्रात एक मोठा आधार आहे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांमधली दप्तरे मिळवली नसती तर मराठ्यांच्या इतिहासाची साधने आपल्याला कुठून लाभली असती? १८९८ साली निघालेला त्यांचा पहिला खंड वाईला हाती आलेल्या पत्रांतून उभा राहिला. ती पत्रे कुणीतरी, बहुधा नीट न वाचता, ‘असू दे’ म्हणून ठेवली होती. आमच्याही ट्रंकेत मोडी लिपीतले अकरा कागद निघाले, आणि मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ते वाचले तेव्हा त्यांत कुठलीही सनद नव्हती. पणजोबांनी कुणाकुणाला किती पायली भात उसना दिला, याची ती नोंद होती. तेवढे कागद मी ठेवले आहेत. राजवाड्यांना ते नक्की आवडले असते.

आता माझ्या स्वतःच्या अडगळीविषयी, जिच्याबद्दल लिहायचे मी इतका वेळ टाळले. माळा आईचा होता. माझ्या वाट्याला एक ड्रॉवर वायरींचा, एक फोन आणि एक डोके. फोनमध्ये एकतीस हजार फोटो होते, त्यांत जिथे गाडी उभी केली त्या खांबांचेच दीडशे. डोक्यात काय होते, ते समजायला अधिक वेळ लागला. रात्री अंथरुणावर पडलो की कुणाला तरी फोन करायचा राहिला, कुठला तरी विमा संपत आला, मुलाशी जे बोलायचे ते अजून बोललो नाही, अशा गोष्टी रांगेने समोर येत, मी त्या दिवाळीतल्या भांड्यांसारख्या पुसून बघत असे आणि पुन्हा जागेवर ठेवत असे. रोज रात्री माळा उपसायचा आणि सकाळी जसाच्या तसा भरायचा, हे मी किमान दहा वर्षे करत होतो.

याविषयी वाचताना लॉस अँजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांच्या एका अभ्यासाने माझे लक्ष वेधले. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी घराचा पसारा मोजला नाही. माणसांना आपल्याच घरातून फिरत घराचे वर्णन करायला सांगितले, आणि त्यांनी वापरलेले शब्द मोजले. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसाऱ्याचे आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे शब्द अधिक होते, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवसभरात जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. मला त्यातली ‘अर्धवट’ ही बाब महत्त्वाची वाटली. पसाऱ्यापेक्षा त्याविषयीचा न झालेला निर्णय माणसाला थकवतो, अशी माझी आईच्या खुर्चीशेजारी उभे राहून झालेली समजूत होतीच. दुसऱ्या एका प्रयोगात, मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली, ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटे लिहायला लावले. निम्म्यांनी झालेली कामे लिहिली आणि निम्म्यांनी पुढे करायची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर.

तेव्हा आईसाठी केलेली रेघ मी माझ्या वहीतही ओढली. डावीकडे डोक्यातली गोष्ट, उजवीकडे तिचा पत्ता, म्हणजे कोण, कुठे आणि कुठल्या वारी. विम्याला पत्ता लगेच मिळाला. मुलाशी बोलायचे होते त्याला ‘रविवार, टेकडीवर’ असा मिळाला. एका मित्राचे वडील वारल्याला दोन वर्षे झाली होती, मी त्या वेळी परगावी होतो, भेटायला गेलो नाही, मग उशीर झाला म्हणून फोनही केला नाही, आणि मग त्या उशिराची लाज इतकी वाढली की तो राहत असलेल्या रस्त्याने जाणेही मी टाळू लागलो. या ओळीपुढे मी त्याचा फोन क्रमांक लिहिला आणि त्याच संध्याकाळी तो लावला. त्याला माझ्या न येण्याची आठवणसुद्धा नव्हती. दोन वर्षे मी जे जड गाठोडे वाहत होतो, त्याचा मालक त्याला ओळखायलाच तयार नव्हता.

सर्वच ओळी अशा सुटल्या नाहीत. माझ्या वहीत अजूनही सहा-सात ओळींची उजवी बाजू कोरी आहे, कारण जगात काय चालले आहे आणि पुढे काय होईल, या काळज्यांना कुठल्या वारी कुणाकडे पाठवणार? त्यांच्यापुरता मी फोनवरून बातम्यांची दोन ॲप काढून टाकली आणि सकाळचे छापील वर्तमानपत्र पुन्हा सुरू केले, जे वाचून संपते. रद्दी वाढली, हे पत्नीने निदर्शनास आणून दिले आहे. तिचे म्हणणे खरे आहे.

सामान हलवायचा दिवस उजाडला तेव्हा टेम्पोच्या दोन खेपांचा अंदाज होता, पण काम एकीत भागले. माळा रिकामा झाला होता आणि त्याच्या कोपऱ्यात मुळातला चुन्याचा निळसर रंग अडतीस वर्षांनी दिसत होता. आईने खालूनच वर पाहिले आणि “बराच मोठा होता की,” एवढेच म्हणाली. तिने स्वतःसाठी एकच भांडे वेगळे काढले होते, चिखलातून आजीच्या हाती आलेले ते पितळी पातेले. कल्हईवाला दारावर येईनासा झाला तेव्हापासून ते माळ्यावर होते. तांबट आळीत बंब द्यायला गेलो तेव्हाच मी त्याला कल्हई लावून आणली, आणि आता भाड्याच्या घरात रोजचे दूध त्यात तापते. पुरात त्याच्या बुडाला मोठा पोचा पडलेला आहे. त्यामुळे ते शेगडीवर जरा कलते, आणि दूध वर येऊ लागले की एकाच बाजूने येते. म्हणून ते तापेपर्यंत आई ओट्यापाशी उभी राहते, आणि ती आंघोळीला गेली असली तर मी.